पाणी घालणे आणि पाणी देणे

(वर्षावासातील रविवारच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींना हसू आले असेल. या व्यासपीठावरून आजवर पंचशील, अष्टांगिक मार्ग, शिक्षण, संघटन अशा थोर विषयांवर व्याख्याने झाली. आणि आम्ही उभे राहिलो आहोत ते घरच्या कुंड्यांना आणि अंगणातल्या चार झाडांना पाणी कसे द्यावे हे सांगायला! पण कार्यकारिणीने हा विषय ठरवला त्याला कारण आहे. आपल्या वस्तीत आता घरटी चार-दोन झाडे झाली आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्या झाडांपैकी निम्मी दुसरे वर्ष पाहत नाहीत, ही दुःखाची गोष्ट. आणि आपण राहतो लातुरात, जिथे पाण्याचा एक हंडासुद्धा हिशेबाने वापरावा लागतो.

शिवाय बांधवहो, पाणी हा विषय आपल्यासाठी कधीच लहान नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. तरीही त्या पाण्याला हात लावण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह चवदार तळ्याची पायरी उतरावी लागली, आणि त्यानंतरचा कोर्टातला लढा १९३७ साली हायकोर्टाच्या निकालाने संपला. आमच्या आजी सांगत असत की, गावच्या विहिरीवर त्या दूर उभ्या राहून वाट पाहत. कोणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतले जाई. ज्या घरात अशी आठवण आहे, त्या घराने पाणी वाया घालवणे शोभत नाही. पण त्या घराने झाड लावू नये असेही नाही. हे दोन्ही एकत्र कसे साधायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम आमची चूक कबूल करतो. २०१६ चा उन्हाळा आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये सांगली जिल्ह्यातील मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. दोन दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती. त्याच आठवड्यात एके सकाळी आम्ही दारातल्या गुलाबाला टँकरचे अर्धी बादली पाणी घालत होतो. समोरच्या एक वयस्कर आजी डोक्यावर रिकामा हंडा घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “काय ओ साहेब, लेकरायला पेयाला पाणी मिळंना, अन् तुम्ही झाडायला घालायलाव?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. मान खाली घालून आम्ही बादली आत नेली. तो गुलाब तर गेलाच, जास्वंदही गेली. मात्र कढीपत्ता, शेवगा आणि कोरफड वाचली. त्यांना आम्ही त्या दिवसानंतर पिण्याचे पाणी एक थेंबही दिले नव्हते. तांदूळ-डाळ धुतलेले आणि भाजी धुतलेले पाणी घरात एका बादलीत साठवू लागलो आणि तेवढेच दिले. त्या उन्हाळ्याने आम्हाला पहिला नियम शिकवला. आधी माणूस, मग जनावर, आणि झाडाला एकदा वापरून झालेले पाणी. हा क्रम घरातल्या लहान मुलालाही पाठ असावा.

आता दुसरी चूक. ही आपणा सर्वांची आहे, म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नये. २०१६ चा पावसाळा चांगला झाला, धरण भरले. त्या आनंदात २०१७ च्या बुद्धपौर्णिमेला आपण विहाराच्या अंगणात बोधिवृक्षाचे रोप लावले. काळ्या मातीत एक अरुंद खड्डा केला, भोवती सिमेंटचा कट्टा बांधला. मग वंदनेला येणारा प्रत्येक जण श्रद्धेने एकेक तांब्या पाणी घालू लागला. चाळीस घरे, रोजचे चाळीस तांबे. त्यावर पावसाळा आला तरी तांबे थांबले नाहीत. खालची पाने पिवळी पडली, तेव्हा ‘पाणी कमी पडले’ असे समजून आपण आणखी घातले. वर्षावास संपण्यापूर्वीच रोप गेले. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी, मऊ झालेली होती आणि मातीला कुजका वास येत होता. ज्या शहरात वर्षापूर्वी पाण्याची रेल्वे आली, त्या शहरात आपण एक झाड पाण्यात बुडवून मारले!

तेव्हा आम्हाला कळले की पाणी घालणे वेगळे आणि पाणी देणे वेगळे. घालणारा आपल्या मनाचे समाधान पाहतो. देणारा आधी झाडाची गरज पाहतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात, कुजतात, आणि मग ओल्या मातीत उभे असलेले झाडही सुकल्यासारखे मान टाकते. तथागतांनी दोन टोके टाळून मधला मार्ग सांगितला. अंगणातल्या झाडालाही कोरड आणि चिखल ही दोन टोके मानवत नाहीत.

मग पाणी केव्हा द्यावे? त्यासाठी घड्याळ किंवा वार पाहू नये, माती पाहावी. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालावी. आत ओल लागली, माती बोटाला चिकटली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कोरडी लागली तरच द्यावे. मोठ्या झाडाच्या आळ्यात एखादी वाळकी काडी वीतभर खुपसून बाहेर काढावी आणि तिला ओली माती चिकटते का ते पाहावे. कुंडी लहान असेल तर किंचित उचलून पाहावी. कोरडी कुंडी हलकी लागते. आठ दिवसांत हाताला वजनाचा अंदाज येतो.

झाडेही आपली भाषा बोलतात. भर दुपारी पाने लोंबली आणि सायंकाळी पुन्हा ताठ झाली, तर ती उन्हाची ग्लानी आहे, तहान नव्हे. सकाळीसुद्धा पाने लोंबलेली आणि कडा वाळून कुरकुरीत झालेल्या असतील तर ती तहान. खालची पाने पिवळी, देठ मऊ आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झाले. पण अनुमान पक्के करण्यापूर्वी बोट मातीत घालून पाहावेच.

वेळ म्हणाल तर सकाळी ऊन चढण्यापूर्वीची उत्तम. तेव्हा दिलेले पाणी वाफ होण्याआधी मुरते आणि दिवसभराच्या उन्हासाठी झाड तयार होते. सकाळी जमत नसेल तर उन्हाळ्यात सायंकाळी दिले तरी चालते, मात्र पानांवर न शिंपडता बुडाशी द्यावे. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी धरते. पावसाळ्यात पाऊस चालू असताना झारीला विश्रांती द्यावी. हिवाळ्यात कुंड्यांना दोन-तीन दिवसांआड पुरते. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या लहान कुंडीला मात्र रोज लागू शकते. बोट सांगेल तसे करावे.

किती द्यावे? इथे आमचा जमा-खर्चाचा धंदा उपयोगी पडतो. कुंडीला एकेक तांब्या सावकाश घालत जावे आणि मोजावे. बुडाच्या छिद्रातून पाणी ठिबकू लागले की थांबावे. समजा तीन तांबे लागले, तर पुढच्या वेळी अडीच पुरतात. हा आकडा कुंडीवर खडूने लिहून ठेवावा. वाफ्याचा हिशेबही सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ५ ते ७ लिटर लागतात. आता नळीचा हिशेब पाहा. आपल्या घरची नळी १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते एकदा मोजा. एका मिनिटात भरत असेल, तर दहा मिनिटे मोकळी सोडलेली नळी १५० लिटर पाणी ओतते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर धरलेले आहेत. म्हणजे दहा मिनिटांच्या नळीत जवळजवळ तीन माणसांचा दिवस वाहून जातो. म्हणून आम्ही घरात नळी ठेवलीच नाही. तांब्या, बादली आणि झारी एवढेच ठेवले. हाताने उचललेले पाणी कोणी उगाच ओतत नाही.

आता कसे द्यावे. रोज वरवर शिंपडल्याने वरची बोटभर माती ओली होते, मुळे तिथेच घुटमळतात, आणि दोन दिवस पाणी चुकले की झाड मान टाकते. त्याऐवजी अंतराने पण भरपूर, खोलवर मुरेल असे दिले तर मुळे पाण्याच्या मागे खाली जातात. अशी मुळे झाडाला उन्हाळ्यात तारतात. आपली काळी माती सावकाश पाणी पिते, पुष्कळ धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तिला एकदम ओतू नये. थोडे देऊन मुरू द्यावे, मग पुन्हा द्यावे. मुरमाड माती लवकर पिते आणि लवकर सोडते. तिला कमी अंतराने थोडे थोडे द्यावे लागते. कुंडीसाठी काळ्या मातीत शेणखत आणि बारीक मुरूम किंवा वाळू मिसळावी. बुडाचे छिद्र खापरीच्या तुकड्याने सैलसर झाकावे, बुजवू नये.

मोठ्या झाडाचे आळे खोडाला लागून करण्याची आपली जुनी सवय आहे. ती सोडली पाहिजे. पाणी शोषणारी बारीक मुळे पसरलेली असतात ती साधारण फांद्यांच्या घेराखाली. खोडाला मातीची भर द्यावी, आणि त्या भरीच्या बाहेर, पानांच्या सावलीच्या कडेला गोल चर करून त्यात पाणी द्यावे. यालाच दुहेरी आळे म्हणतात. विदर्भातील संत्र्याच्या बागांत खोडाला पाणी लागून ते सडू नये म्हणून हीच पद्धत सांगितली जाते.

पाणी देण्यापेक्षा दिलेले पाणी राखणे महत्त्वाचे. आळ्यात आणि कुंडीत वाळलेला पाला, उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले यांचा दोन-तीन इंच थर पसरावा. त्याला आच्छादन म्हणतात. त्याने माती तापत नाही, वाफ कमी होते, तण दबते आणि कुजल्यावर खतही होते. थर खोडाला मात्र चिकटू देऊ नये. उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींजवळ, पूर्वेकडच्या किंवा सावलीच्या बाजूला सरकवाव्यात. एवढ्यानेही पाण्याची गरज कमी होते.

ज्यांना दोन-चार दिवस गावी जावे लागते त्यांच्यासाठी मडक्याची युक्ती आहे. पॉलिश न केलेले कच्च्या रंगाचे भाजलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. भोवती हातभर अंतरात वांगी, मिरची, टोमॅटो लावावेत. माती कोरडी होईल तसे पाणी मडक्याच्या अंगातून पाझरते आणि माती ओली असली की पाझर मंदावतो. म्हणजे गरजेपुरतेच पाणी मिळते. एक खबरदारी घ्यावी. घरातला पाणी गार करीनासा झालेला जुना माठ यासाठी वापरू नये. त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, म्हणूनच तो पाणी गार करीत नाही आणि त्याच कारणाने पाझरतही नाही.

कोणते पाणी द्यावे हेही पाहावे. धान्य, डाळ, भाजी धुतलेले पाणी उत्तम, पण त्याच दिवशी वापरावे. साठवले तर वास येतो. मीठ घालून उकडलेल्या पदार्थांचे पाणी देऊ नये. कपडे धुतलेल्या पावडरीच्या पाण्यात सोडियमचे क्षार असतात, त्याने काळी माती आणखी चिवट होते. बोअरच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर येतो, तो क्षारांचा असतो. तो खरवडून काढावा आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत. सर्वांत गोड पाणी पावसाचे. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर सुमारे ११०० लिटर पाणी जमते; वाया जाणारे सोडले तरी ९०० लिटर हाती येते. पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून द्यावे, नंतरचे झाकणाच्या टाकीत घ्यावे.

झाकणाचे का, तर डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कुंडीखालच्या बशा, झारी, बादल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, कोरड्या कराव्यात. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण घेतो. अळी झाल्यावर मारण्यापेक्षा ती होऊच न देणे हे त्या शीलाला धरून आहे.

भगिनींनो आणि बांधवांनो, शेवटी एक प्रश्न उरतो, तो म्हणजे पाणी देणार कोण? आपल्या घरांत झाडांची हौस बहुधा पुरुषांना आणि मुलांना, आणि पाणी भरण्याचे कष्ट माता-भगिनींना. ज्यांनी हंडा वाहिला नाही त्यांनी तो झाडाला ओतायचा, हा न्याय नव्हे. म्हणून आमच्या घरात असा रिवाज आहे की झाडाला पाणी ज्याला द्यायचे आहे त्याने ते स्वतः उचलावे आणि घरात पाणी किती आहे हे आधी भरणाऱ्याला विचारावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेल्या वादात दाखविले आहे. शेताला पाणी आधी कोणी घ्यायचे, यावरून युद्धाची तयारी झाली होती. सिद्धार्थाने युद्धाला नकार दिला. पाण्याचे भांडण बळाने मिटवू नये, विचाराने मिटवावे, हे आपल्या परंपरेच्या मुळाशी आहे. आणि बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना नद्यांच्या पाण्याचे नियोजन त्यांनी हाती घेतले होते. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. पाणी हक्काने मिळवणे हा त्यांच्या शिकवणीचा एक भाग, आणि मिळालेले पाणी योजनेने वापरणे हा दुसरा. पहिल्याचा आपण जयघोष करतो. दुसरा आपल्या अंगणात राहून गेला आहे.

आता आपल्या बोधिवृक्षाविषयी सांगून थांबतो. २०१८ मध्ये आपण दुसरे रोप लावले. या वेळी ते भिंतीपासून पंचवीस फूट दूर लावले, कारण पिंपळाची मुळे भिंतीत शिरतात. खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल घेतला. मातीत शेणखत आणि मुरूम मिसळला, कट्टा बांधला नाही. तांब्यांची प्रथा बंद केली आणि आठवड्याला एका घराकडे जबाबदारी दिली. विहाराच्या दारामागे एक वही टांगली. त्या वहीत त्या घरातील मुलाने रोज लिहायचे. काही जणांना राग आला. श्रद्धेने आणलेले पाणी नाकारता का, असे ते म्हणाले. भन्तेजींनी त्यांना ते पाणी आळ्याजवळ ठेवलेल्या रांजणात ओतायला सांगितले. श्रद्धाही राहिली आणि पाणीही राहिले.

पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी एक बादली, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याने एक, तिसऱ्या वर्षी फक्त एप्रिल-मे महिन्यात पंधरवड्याने, आणि त्यानंतर पाणी देणे आपण थांबवले. आज तो वृक्ष विहाराच्या छताच्या वर गेला आहे आणि आपल्या चपला त्याच्याच सावलीत आहेत. हे व्याख्यान तयार करताना आम्ही ती वही पुन्हा चाळली. तिच्यात सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद अशी आहे: ‘बोट घालून पाहिले. ओल आहे. पाणी दिले नाही.’ त्या लहान हातांनी रोज पाहिले, आणि बहुतेक दिवशी स्वतःला आवरले, म्हणून ते झाड उभे आहे.

आपल्या घरीही अशी एक वही करावी, मुलांच्या हाती द्यावी, आणि पुढच्या वर्षावासात आपापले झाड जिवंत असल्याची वार्ता घेऊन यावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे चार शब्द संपवतो. 

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!